गिळला तरी न मरणारा जीवाणू : ब्रुसेला आणि आपलं दूध

आठवीला 'पेशी व पेशीअंगके' शिकवताना आपण लयकारिका काढतो, तिला आत्मघाती पिशवी म्हणतो, आणि सांगतो की भक्षक पेशी जंतूला गिळते, लयकारिका त्याच्यावर विकरं सोडते, जंतू पचतो. मुलं आकृती वहीत उतरवतात आणि आपण पुढच्या पेशीअंगकाकडे वळतो. पण वर्गात एखादं पोरगं हमखास हात वर करतं, "सर, पेशी जंतू खातेच आहे, तर मग माणूस आजारी पडतोच कसा?"

या प्रश्नाला "जंतू जास्त असले की पेशी कमी पडतात" एवढं उत्तर देऊन वेळ निभावता येते. ते खोटं नाही. पण खरी गंमत त्याच्या पलीकडे आहे. काही जीवाणूंना गिळलं जाण्याची भीतीच नसते. त्यांना पेशीच्या आतच जायचं असतं. क्षयाचा जीवाणू तसा आहे, कुष्ठरोगाचा आहे, विषमज्वराचाही बराचसा तसाच. त्यांना पेशीअंतर्गत जीवाणू म्हणतात. आज मी यातला एकच घेतो, ब्रुसेला. तो निवडण्याचं कारण आपलं गाव आहे.

आमच्या शिवाजी पेठेतून गंगावेशीला चालत जायला फार वेळ लागत नाही. तिथला दूध कट्टा बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवायची आपल्याला हौस असते. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळ दुधाचा पेला थेट हातात देतो. ना पिशवी, ना पाणी, ना भेसळ. तालमीतली पोरं, फेरफटका मारून आलेले म्हातारे, बापाचं बोट धरून आलेली लहान मुलं, सगळे तिथेच उभ्याउभ्या पितात. धारोष्ण दुधाचा हा अभिमान मला परका नाही. दूध भेसळीचं नाही हे डोळ्यांनी बघून घेण्यात शहाणपणही आहे. पण डोळ्यांना पाणी दिसतं, जीवाणू दिसत नाही. धारोष्ण म्हणजे म्हशीच्या अंगाच्या उष्णतेचं, साधारण ३८ अंश सेल्सिअस. ब्रुसेलाला नेमकी हीच ऊब मानवते.

गंगावेशीतल्या म्हशींना हा आजार आहे असं मी म्हणत नाही, कृपा करून तसा अर्थ काढू नका. म्हशीकडे बघून तो आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. गवळ्याला नाही, तुम्हाला नाही आणि तपासणी केल्याशिवाय जनावरांच्या डॉक्टरलाही नाही. हे जगाला समजलं ते भूमध्य समुद्रातल्या माल्टा नावाच्या बेटावर, आणि त्या गोष्टीत कोल्हापूरकराला ओळखीचं पुष्कळ आहे.

माल्टावर तेव्हा ब्रिटिशांचं सैन्य होतं. सैनिकांना एक विचित्र ताप यायचा. आठवडाभर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, महिनोन्महिने. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने या तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जीवाणू वेगळा केला. पुढे त्याच्याच नावावरून त्याला ब्रुसेला म्हणू लागले. पण जीवाणू येतो कुठून ते कळेना. हवा, पाणी, डास, सगळं तपासून झालं. आणि माल्टाच्या गल्लीबोळांतून रोज सकाळी शेळ्यांचे कळप दारोदार फिरायचे. गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यापाशी शेळी उभी करायची आणि समोर धार काढून द्यायची. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टीज डॉक्टरने या शेळ्यांचं रक्त तपासलं. ठणठणीत दिसणाऱ्या, दूध व्यवस्थित देणाऱ्या शेळ्या होत्या त्या. त्यातल्या कितीतरी शेळ्यांच्या रक्तात संसर्गाची खूण होती आणि काहींच्या दुधात जिवंत जीवाणू. १९०६ मध्ये सैन्यात शेळीचं दूध बंद केलं. शेकड्यांनी असलेले रुग्ण वर्षभरात बोटांवर मोजण्याइतके उरले. बेटावरचे सामान्य लोक मात्र तेच दूध पीत राहिले आणि त्यांच्यात हा ताप पुढे कित्येक वर्षं टिकला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पेल्यातून पोटात गेलेला हा जीवाणू वाचतो कसा?

पहिली परीक्षा जठरात. तिथलं हायड्रोक्लोरिक आम्ल बहुतेक जंतूंना संपवतं. ब्रुसेलाकडे युरिएज नावाचं विकर असतं. ते युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतं, आणि अमोनिया आम्लारिधर्मी. म्हणजे हा जीवाणू स्वतःभोवती छोटंसं उदासिनीकरण घडवत आम्लातून वाट काढतो. शिवाय दूधही जठरातलं आम्ल थोडं सौम्य करतंच. आम्ल-आम्लारीच्या तासाला हे उदाहरण सांगून पाहा, मुलं फिनॉल्फ्थॅलिनच्या गुलाबी रंगापेक्षा जास्त लक्ष देतात.

आतड्याचं अस्तर ओलांडलं की भक्षक पेशीची गाठ पडते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपलं शरीर जंतू ओळखतं ते मुख्यतः त्याच्या बाहेरच्या आवरणावरून. विषमज्वराच्या जीवाणूच्या आवरणातले रेणू असे असतात की शरीरात लगेच बोंब होते, पेशी पेशीला हाक मारते. ब्रुसेलाचं आवरण त्याच जातीच्या रेणूचं, पण त्याची घडण वेगळी. ते शरीराला फारसं डिवचत नाही. अनोळखी माणूस गल्लीत शिरला आणि एकही कुत्रं भुंकलं नाही, तसा हा प्रकार. भक्षक पेशी त्याला गिळते खरी, पण गडबड न होता.

गिळलेला जीवाणू पेशीत एका पिशवीत बंद होतो. ही पिशवी म्हणजे छळछावणीच. पेशी तिच्यात आम्ल वाढवते, सामू साडेचारच्या आसपास उतरतो. ऑक्सिजनचे घातक रेणू सोडते. अन्न तोडते, लोहासारखी खनिजंही मिळू देत नाही. यालाच शास्त्रज्ञ ताण म्हणतात. आपण परीक्षेचा ताण म्हणतो तसा नव्हे. जगण्याला लागणारी प्रत्येक गोष्ट एकाच वेळी बिघडवून टाकणं, असा हा ताण. आणि तो चांगला लागू पडतो! गिळलेल्या ब्रुसेलांपैकी बहुतेक पहिल्या काही तासांतच मरतात. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये दहातले नऊ गेलेले दिसतात. म्हणजे आपण वहीत काढलेली आकृती चुकीची नाही. पेशी आपलं काम चोख करते. प्रश्न उरलेल्या एकाचा आहे.

तो उरलेला काय करतो? एक तर ऑक्सिजनच्या घातक रेणूंना निकामी करणारी विकरं त्याच्याजवळ असतात. दुसरं, उपासमार झाली की तो खर्च आवरतो. नवी प्रथिनं बनवणं कमी, वाढ थांबवायची, असलेल्यावर भागवायचं. दुष्काळात शेतकरी लग्न पुढे ढकलतो, बियाणं तेवढं जपून ठेवतो, तसं. यासाठी जीवाणूच्या आत एक लहानसा रेणू तयार होतो आणि तोच हुकूम देतो की आता काटकसर. हे पुष्कळ जीवाणूंना जमतं. ब्रुसेलाचं वेगळेपण याच्या पुढच्या पायरीत आहे.

पिशवीतलं आम्ल वाढलं की ब्रुसेलाला कळतं, आपण पेशीच्या आत पोचलो. बाहेर असताना आवरून ठेवलेली एक यंत्रणा तो आता सुरू करतो. तिचं नाव व्हिर-बी. ती इंजेक्शनच्या सुईसारखी असते. पिशवीच्या भिंतीपलीकडे, पेशीच्या द्रवात, ती जीवाणूची प्रथिनं सोडते. ही प्रथिनं पेशीच्या आतल्या वाहतुकीत ढवळाढवळ करतात. लयकारिकेकडे निघालेली पिशवी वाटेत वळते आणि साधारण बारा तासांत आंतर्द्रव्यजालिकेपाशी जाऊन लागते. आंतर्द्रव्यजालिका म्हणजे पेशीचा प्रथिनं बनवण्याचा आणि वाहून नेण्याचा कारखाना. तिथे पचवणारी विकरं नाहीत, आयतं अन्न मात्र आहे. मग तिथे बसून तो सावकाश वाढू लागतो.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. व्हिर-बी यंत्रणा मोडलेले ब्रुसेला पेशीला दिले, तर ते सरळ लयकारिकेत जाऊन पचतात. आणि दुसरा प्रयोग तर फारच बोलका आहे. औषध घालून पिशवीतलं आम्ल सुरुवातीलाच वाढू दिलं नाही, तर ब्रुसेलाला वाढता येत नाही. वाटलं असतं की आम्ल नाही म्हणजे त्याची चैन. घडलं उलटं. आम्ल हा त्याच्यासाठी नुसता त्रास नव्हता, तो पत्ता होता. पत्ताच मिळाला नाही म्हणून सुई निघाली नाही. पेशीने मारण्यासाठी जे शस्त्र उगारलं, त्यालाच याने घंटा करून टाकलं.

आणखी एक डाव. संसर्ग झालेली पेशी पुष्कळदा स्वतःला संपवते, म्हणजे आतला जंतू उघडा पडतो. ब्रुसेला भक्षक पेशीला असं मरू देत नाही. घर शाबूत राहायला हवं ना.

बाकीच्यांच्या तऱ्हा निराळ्या. क्षयाचा जीवाणू लयकारिकेला पिशवीशी जोडूच देत नाही. लिस्टेरिया पिशवी फोडून बाहेर पडतो. आणि कॉक्सिएला नावाचा एक जीवाणू तर लयकारिकेच्या आम्लातच सुखाने राहतो. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीच्या इतक्या पळवाटा!

आता गोठ्यात येऊ. गाई-म्हशींमध्ये ब्रुसेला गर्भाशयाकडे धाव घेतो. त्यांच्या वारेत, म्हणजे आपण जार म्हणतो त्यात, एरिथ्रिटॉल नावाचा साखरेच्या जातीचा पदार्थ असतो आणि तो ब्रुसेलाला फार आवडतो. तिथे तो अफाट वाढतो. गाभणपणाच्या शेवटच्या तिमाहीत म्हैस गाभडते. त्या वासरात, जारात आणि पाण्यात जीवाणू खच्चून भरलेले असतात. जार अडकण्याचं प्रमाणही वाढतं. आपल्याकडे मग काय होतं? घरातलंच कुणीतरी उघड्या हातांनी जार ओढून काढतं. मेलेलं रेडकू उकिरड्यावर टाकलं जातं, कुत्री ते ओढत नेतात. दुसऱ्या वेताला तीच म्हैस व्यवस्थित विते आणि सगळे विसरून जातात, पण दुधातून जीवाणू पडत राहू शकतो. करवीर, पन्हाळा, कागल भागातून येणारी आपली बरीच मुलं गोठ्यातल्या कामाला हात लावतात. धार काढणं, शेण काढणं बहुतेक घरांत आई आणि मुलीच करतात. त्यामुळे हा फक्त पेल्यातला प्रश्न नाही. गाभडलेल्या जनावराच्या जवळ गरोदर बाईने तर जाऊच नये. हातावरच्या बारीक जखमेतून, उडालेल्या थेंबातूनही जीवाणू शिरतो.

माणसात हा आजार अंगावर धावून येत नाही. दोन-चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ताप सुरू होतो. संध्याकाळी अंग तापतं, रात्री कपडे भिजतील इतका घाम, सकाळी बरं. कंबर दुखते, सांधे दुखतात, भूक जाते, वजन उतरतं, मन उदास राहतं. लहान मुलांत कधी एकच गुडघा किंवा खुबा सुजतो आणि पोर लंगडतं. पुरुषांत वृषण सुजू शकतात, काहींच्या मणक्यात आजार बसतो, क्वचित हृदयाच्या झडपेवर. मरण येण्याचं प्रमाण कमी आहे, पण माणूस कामातून जातो. पहिलवानाचं पोरगं असेल तर घरचे म्हणतात मेहनतीने कंबर धरली. बाई असेल तर म्हणतात कामाचा कंटाळा. तापाला मलेरिया, टायफॉइड, क्षय अशी नावं एकामागून एक लागतात, थोड्या गोळ्या होतात, ताप दबतो आणि महिन्याने परत येतो.

ॲलिस इव्हान्स या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंची हकीकत इथे सांगायलाच हवी. गाई गाभडवणारा जीवाणू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये शोधला होता. तो आणि माल्टाचा जीवाणू जवळचे भाऊबंद आहेत आणि गाईचं कच्चं दूध माणसाला धोक्याचं आहे, असं इव्हान्स यांनी १९१८ मध्ये मांडलं. दूधवाले चिडले. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही मान हलवली नाही. डॉक्टर नसलेली एक बाई हे सांगते, हेच अनेकांना पटेना. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना त्यांनाच ब्रुसेलाची लागण झाली. पुढे अनेक वर्षं आजार उलटत राहिला, आणि मधल्या काळात काही डॉक्टरांनी त्यांना चक्क मनाचा आजार ठरवलं. १९२८ मध्ये त्या अमेरिकेतल्या जीवाणुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यांचं म्हणणं खरं ठरलं आणि अमेरिकेत दूध तापवून विकण्याची सक्ती हळूहळू आली. विज्ञान दिनाला आपण तीच चार-पाच नावं फिरवून घेतो, त्यात हे एक नाव घालायला हरकत नाही.

पालकांसाठी यातला कामाचा भाग असा. दोन आठवड्यांवर ताप रेंगाळला, घाम येतोय, सांधे-कंबर दुखते आणि नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नाही, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मूल कच्चं दूध पितं, घरात जनावरं आहेत, गेल्या काही महिन्यांत म्हैस किंवा शेळी गाभडली होती. एवढ्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. ब्रुसेलासाठी रक्ताची वेगळी चाचणी लागते. ती नेहमीच्या तापाच्या तपासणीत नसते, मागावी लागते. रक्तातून जीवाणू वाढवून बघायचा तर त्यालाही वेळ लागतो, कारण त्याची वाढच संथ.

उपचार आहेत आणि चांगले आहेत. एक मात्र समजून घ्यायला हवं. सर्दी-खोकल्यासारखं पाच दिवसांत हे संपत नाही. जीवाणू पेशीच्या आत, पिशवीच्याही आत बसलेला. प्रतिजैविक रक्तात असून भागत नाही, ते त्या आतल्या खोलीत पोचायला हवं. शिवाय बरीच प्रतिजैविकं वाढत्या जीवाणूवर नीट चालतात, आणि हा तर काटकसरीत पडून राहिलेला. म्हणून एक नव्हे, दोन औषधं, मोठ्या माणसांत साधारण सहा आठवडे. लहान मुलांची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरच ठरवतील. आठ दिवसांत ताप जातो आणि लोक गोळ्या सोडतात. मग आत राहिलेले पुन्हा डोकं काढतात. क्षयाच्या गोळ्या किमान सहा महिने का, याचंही उत्तर बरंचसं हेच आहे. आपल्या वर्गात एखाद्या मुलाच्या घरी ते औषध चालू असेल, तर हे कारण त्या मुलाला चित्र काढून समजावा. "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून" यापेक्षा ते जास्त टिकतं.

दुधाचं काय? सोपं आहे. ब्रुसेला ताणाला कितीही चिवट असला तरी उष्णतेपुढे टिकत नाही. ६३ अंशांना ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद, म्हणजेच पाश्चरीकरण, त्याला पुरेसं आहे. घरी दूध उतू येईपर्यंत तापवणं तर त्याहून जास्तच. फ्रीजमध्ये ठेवून मात्र तो मरत नाही, गोठवूनही नाही. आपल्या आज्या सकाळी दूध आलं की आधी तापवायला ठेवायच्या, मग विरजण लावायच्या. दही, ताक, लोणी सगळं तापवलेल्या दुधाचं. या एका सवयीने आपल्या घरांवरचं किती संकट टळलं असेल! खरवस नीट वाफवलेला असेल तर त्याचीही काळजी नको. पण कच्च्या दुधाची थंडाई, अशक्त पोराला शेळीचं कच्चं दूध, हे थांबवायला हवं. शेळ्या-मेंढ्यांमधला ब्रुसेला माणसाला गाई-म्हशींमधल्यापेक्षा जास्त त्रास देतो. "तापवल्याने ताकद जाते" असं तालमीत सांगतात. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम तापवल्याने कुठे जात नाहीत. काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, आणि तीही दुधातून फारशी मिळत नाहीतच. थंडाईचं दूध आधी तापवून गार करावं, बदाम-खसखस तितकीच लागते. कट्ट्यावरही जा, डोळ्यांदेखत काढलेलं दूध चरवीत घ्या आणि घरी आणून तापवा. शुद्धतेची हौस पुरी होते.

मूळ उपाय मात्र गोठ्यात आहे. रेडी किंवा कालवड चार ते आठ महिन्यांची असताना ब्रुसेलाची लस एकदाच टोचायची. तेवढी तिला जन्मभरासाठी पुरते असं धरतात. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात, लाळ्या-खुरकुताबरोबर, ही लसही सरकारतर्फे दिली जाते. फक्त मादी वासरांना, आणि वय टळायच्या आत. लस जिवंत जीवाणूची असते म्हणून गाभण जनावराला देत नाहीत, आणि टोचताना जनावरांचे डॉक्टरही हातमोजे घालून काळजी घेतात. गाभडलेलं वासरू आणि जार खोल पुरून वर चुना टाकायचा.

शेवटी वर्गासाठी एक. भुईमुगाचं किंवा सोयाबीनचं रोप मुळासकट उपटून आणा आणि मुळावरच्या गाठी मुलांना दाखवा. गाठ चिरली की आत लालसर दिसते. त्या गाठींत रायझोबियम गटातले जीवाणू वनस्पतीच्या पेशींच्या आत राहतात आणि तिला नायट्रोजन मिळवून देतात. हे जीवाणू आणि ब्रुसेला एकाच गणगोतातले. पेशीच्या आतल्या ताणात टिकण्यासाठी रायझोबियमला लागणारी काही प्रथिनं ब्रुसेलाकडेही जवळपास तशीच सापडतात. एकाने ती विद्या भुईमुगाच्या मुळात लावली, दुसऱ्याने म्हशीच्या जारात. तो हात वर करणारा पोरगा हे ऐकून नक्की विचारेल, "मग आपल्या पेशीतली तंतुकणिका पण अशीच आत शिरलेली का, सर?" हो, तिचा पूर्वजही याच गोतातला मानतात. त्या तासाला वेळ राखून ठेवा.